काळ्या मातीत आरसी गाडी: आधी चेसिस की आधी सस्पेन्शन?

गिरणाकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. जळगावहून लिहितोय. माझ्याकडे १/१० मापाचा टू व्हील ड्राइव्ह शॉर्ट कोर्स ट्रक आहे, म्हणजे रिमोटवर चालणारी (आरसी) कच्च्या रस्त्याच्या शर्यती ट्रकची छोटी प्रतिकृती. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मे प्रतिसाद ‘ही घ्यायलाच नको होती’ यावर जातील. ब्रशलेस मोटर, टू एस (दोन सेलची) लायपो बॅटरी, प्लास्टिकची टपासारखी टब चेसिस (गाडीचा सांगाडा) आणि मूळचेच तेलाचे शॉक.

गाडी चालते तीन ठिकाणी. कपाशी निघाल्यावर मोकळं झालेलं आमचं वावर, गिरणेचं वाळूचं पात्र आणि कॉलनीमागचं मुरमाचं मैदान. वावरात वेग घेतला की मागची बाजू उड्या मारते आणि गाडी आडवी होते. मुरमावर जोरात वळलं की आतल्या बाजूची चाकं उचलतात. मागच्या आठवड्यात पऱ्हाटीच्या धसकटावर आपटून पुढचा एक आर्म (चाकाला चेसिसशी जोडणारा दांडा) गेला, तेव्हा म्हटलं आता एकदाच काय ते करू.

बजेट १२ हजार. डोक्यात तीन पर्याय आहेत:

अ) अ‍ॅल्युमिनियमचा पूर्ण संच: आर्म, हब (मागच्या चाकाचा आधार), नकल (पुढचं चाक वळवणारा भाग), शॉक टॉवर (शॉकचं वरचं टोक बसतं तो भाग).
ब) एलसीजी, म्हणजे वजन खाली बसवणारी चेसिस.
क) मोठ्या व्यासाचे शॉक, स्प्रिंगा आणि तेल.

तिन्ही एकदम परवडणार नाहीत. तुम्ही काय केलं असतं?

भो_पाटील

काय भो, आमच्या अण्णांची लुना याहून स्वस्तात आली होती. आणि तिला शॉक नव्हतेच, अण्णांनाच बसायचे. 😀

(हलके घ्या. वाचतोय.)

लेथवाला

पर्याय अ. माझं एमआयडीसीत वर्कशॉप आहे, हातात रोज धातू असतो. प्लास्टिक वाकतं, वाकलं की चाकाचा कोन बदलतो, कोन बदलला की स्टिअरिंग भरवशाचं राहत नाही. एकदा धातू बसवला की विषय संपला. फक्त घेताना अ‍ॅल्युमिनियमचा ग्रेड ७०७५ आहे की ६०६१ ते विचारून घ्या. ७०७५ मध्ये जस्त असतं आणि ताकद ६०६१ च्या जवळपास दुप्पट. स्वस्तातल्या निळ्या-लाल चकचकीत संचांवर ग्रेड लिहिलेलाच नसतो. ते बहुतेक मऊ पत्र्याचेच.

शहाद्याची_स्वाती

लेथवाला दादा, अर्धं पटलं, अर्धं नाही.

आर्म हा वाकलाच पाहिजे असा भाग आहे. नायलॉनचा आर्म धसकटावर आदळतो, वाकतो, परत जागेवर येतो. अ‍ॅल्युमिनियमचा आर्म आदळला की एकतर वाकून तसाच राहतो, नाहीतर तो धक्का पुढे ढकलतो: हिंज पिनला (आर्मच्या बिजागरीची सळी), तिथून बल्कहेडला (ती पिन धरणारा भाग), तिथून चेसिसला. म्हणजे तीन-चारशेचा आर्म वाचवायला गेलात आणि बल्कहेड फोडून बसलात. आरपीएमसारख्या कंपन्या नायलॉनचेच आर्म बनवून इतकी वर्षं टिकल्या आहेत, ते उगीच नाही.

धातू कुठे लावायचा? जिथे झोल नको आणि जिथे भाग सुटा फिरतो तिथे. पुढचे स्टिअरिंग नकल, कॅस्टर ब्लॉक (नकलला धरणारा भाग), मागचे हब. आर्मला नाही.

आणि स्टिअरिंगचं सगळं धातूचं केलंत तर सर्व्हो सेव्हर (सर्व्होला, म्हणजे चाकं वळवणाऱ्या मोटरला, धक्क्यापासून वाचवणारा भाग) चांगला हवा. नाहीतर धक्का थेट सर्व्होच्या दातांवर.

शून्य_कॅम्बर

स्वातीताईंना +१.

अवांतर: नायलॉन कोरडा पडला की ठिसूळ होतो. आपल्याकडे मार्च ते जून हवा कशी असते ते सांगायला नको. नवे आर्म आले की मी पाण्यात उकळतो आणि त्याच पाण्यात गार होऊ देतो. नायलॉन पाणी शोषतो आणि चिवट होतो. फक्त भाग खरंच नायलॉनचा आहे ना ते बघा. आणि घरातलं दुधाचं पातेलं घेऊ नका.

भो_पाटील

पातेल्याचा अनुभव दिसतोय. 😂

डॅम्पर_धुळे

थांबा जरा. रोग कळायच्या आधीच सगळे औषध लिहून मोकळे झालात.

गिरणाकाठ, तुम्ही म्हणता मागची बाजू उड्या मारते. कधी मारते ते सांगा. पहिल्याच उंचवट्यावर? की ओळीने तीन-चार सऱ्या गेल्यावर? की एकदा उडाली की सपाट जागेवरही डुलत राहते? या तिन्हींची कारणं वेगळी आहेत.

पहिल्याच धक्क्याला फेकली जात असेल तर स्प्रिंग कडक आहे किंवा पिस्टनची भोकं तेलाच्या मानाने लहान पडतायत. धक्का जलद आला की तेलाला भोकातून जायला वेळ मिळत नाही, शॉक क्षणभर काठीसारखा होतो.

ओळीने सऱ्या आल्यावर गाडी हळूहळू खाली खाली बसत जाऊन मग आपटत असेल, तर शॉक दोन धक्क्यांच्या मधे पूर्ण उघडतच नाहीये. तेल जाड आहे.

आणि डुलत राहत असेल तर उलट. तेल पातळ आहे, कमी आहे, किंवा आत हवा आहे.

घरी करायची चाचणी: बॅटरी बसवून गाडी साधारण फूटभर उंचीवरून सपाट फरशीवर सोडा. चेसिस खाली जेमतेम टेकावी आणि गाडी एका दमात वर येऊन थांबावी. धपकन आपटली तरी चूक, चेंडूसारखी उसळली तरी चूक. पुढची आणि मागची बाजू बरोबरच वर आली पाहिजे.

गिरणाकाठ

डॅम्परदादा, आत्ताच ओट्यावरून सोडून बघितली. आई म्हणाली, एवढी महागाची वस्तू घेतली ती आपटायला का?

पुढची बाजू ठीक. मागची दोनदा उसळते. वावरातही तसंच होतं, सरी ओलांडून पुढे गेली तरी शेपूट हलत राहते. मागच्या शॉकच्या दांडीवर तेलकट मातीचा थर आहे.

डॅम्पर_धुळे

झालं तर मग. सील गेलंय आणि तेल बाहेर येतंय. १२ हजारांच्या आधी दीडशे रुपयांच्या ओ-रिंगा लावा आणि तेल भरा, मग पुढे बोलू.

तेलाचं थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे बरेच जण फसतात. बाटलीवर ३० वेट, ४० वेट असं लिहिलेलं असतं. एका कंपनीचं ३० आणि दुसरीचं ३० सारखं असेलच असं नाही, म्हणून सीएसटीचा (सेंटिस्टोक, तेलाच्या दाटपणाचं माप) आकडा बघायचा. टीम असोसिएटेडचं ३० वेट म्हणजे ३५० सीएसटी, ३५ म्हणजे ४२५, ४० म्हणजे ५००. सिलिकॉन तेल इतर तेलांपेक्षा उन्हात कमी बदलतं, पण बदलतं. मे महिन्यात भुसावळला ४५ अंश असताना तापलेल्या मातीवर शॉक चालतोय आणि डिसेंबरात पहाटे दहा-बारा अंशांत चालतोय, तर तेल एकच कसं चालेल? माझा हिशेब असा: थंडीत ३०, होळीनंतर ४०.

भरताना दांडी पूर्ण खाली ओढायची, तेल काठोकाठ भरायचं, पिस्टन अगदी हळू वरखाली करायचा आणि बुडबुडे संपेपर्यंत बाजूला ठेवायचं. घाई केली की सगळं पहिल्यापासून. डावा-उजवा शॉक झाले की दोघांच्या दांड्या एकदम दाबून बघा, सारख्याच वेगाने परत यायला हव्यात.

डिफरन्शियलचं तेल वेगळं बरं का, ते हजारोंच्या आकड्यात असतं. चुकून शॉकमध्ये ओतू नका.

केळीबाग_रावेर

दीडशे रुपयांत काम झालं तर धाग्याचं काय होणार? मी आत्ताच फुटाणे घेऊन बसलो होतो.

अहिराणी_गडी

भाऊ, आठे बठ्ठा पैसावाला शेतस! मना पोऱ्यानी गाडी शे, तिन्हा शॉकवर फुगा चढाई दिधा, बस. धूय घुसत नही, तेल गयत नही.

शून्य_कॅम्बर

अहिराणी_गडी यांनी गमतीत लिहिलं असेल, पण सल्ला सोन्यासारखा आहे. वाढदिवसाचा साधा फुगा घ्यायचा, दोन्ही टोकं कापायची, शॉकवर चढवायचा आणि वर-खाली बारीक केबल टायने बांधायचा. काळ्या मातीची धूळ फार बारीक. ती तेलकट दांडीला चिकटते आणि प्रत्येक फेरीत सील घासते. सील जातं ते असं. बाजारात याचे तयार मोजे मिळतात, फुगा दोन रुपयांत.

लेथवाला

आणखी एक. कपाशीच्या वावरात कापसाचे तंतू अ‍ॅक्सलला गुंडाळतात आणि बेअरिंगच्या तोंडाशी घट्ट बसतात. बाहेरून दिसत नाहीत. चाकं काढून चिमट्याने ओढा. रबर सीलची बेअरिंगं घ्या, धुळीत पत्र्याच्या झाकणाची टिकत नाहीत.

आर्मबद्दल स्वातीताईंचं ऐकतोय. पण शॉक टॉवर धातूचाच हवा यावर मी ठाम आहे. उलटी पडली की पहिला मार टॉवरला.

शहाद्याची_स्वाती

टॉवरला हरकत नाही दादा. फक्त धातूत धातूचा स्क्रू जातो तिथे निळं थ्रेडलॉक (स्क्रू ढिला होऊ न देणारा द्रव) लावायला सांगा त्यांना. आणि ते प्लास्टिकला लागू देऊ नका, काही प्लास्टिकला त्याने तडे जातात.

मुरूम_किंग

उशिरा आलो. सगळे सस्पेन्शन सस्पेन्शन करताय, पण धागाकर्त्याचं दुसरं दुखणं विसरलात. मुरमावर आतली चाकं उचलतात. ते तेलाने जाणार नाही.

मी लळिंगच्या बाजूला मुरमाड जमिनीवर चालवतो. तिथे पकड चांगली मिळते, आणि पकड मिळाली की उंच गाडी पलटते. साध्या टब चेसिसमध्ये बॅटरी आणि इलेक्ट्रॉनिक्स उंचावर बसतात. एलसीजीमध्ये तेच वजन खाली येतं. ट्रॅक्सस कंपनीची स्लॅश २००८ मध्ये बाजारात आली ती उंच टबवरच, पुढे तिच्यासाठी एलसीजी चेसिस निघाली ती काही दिखाव्यासाठी नाही. पर्याय ब. बाकी सगळं नंतर.

केळीबाग_रावेर

किंग, पण वावरात? चेसिस खाली आली की सरीच्या वरंब्यावर गाडी पोटावर बसेल. चाकं हवेत आणि आपण रिमोट घेऊन बांधावर.

मुरूम_किंग

हा नेहमीचा गैरसमज. एलसीजी म्हणजे चेसिसचं पोट खाली येतं असं नाही, आतलं सामान खाली येतं. पोट जमिनीपासून किती उंच राहणार ते आर्म, शॉक आणि चाकं ठरवतात. उंची तीच ठेवूनही वजन खाली नेता येतं.

डॅम्पर_धुळे

किंग यांचं तत्त्व बरोबर आहे, पण त्याच्या आधी फुकटातले तीन उपाय आहेत.

एक, शॉकचं वरचं टोक टॉवरवर कोणत्या भोकात आहे? आतल्या भोकात घेतलं की शॉक तिरपा होतो आणि सुरुवातीला मऊ पडतो. बाहेरच्या भोकात उभा आणि कडक. मुरमासाठी एक भोक बाहेर घेऊन बघा.

दोन, उंची. कॉलर (शॉकवरची स्प्रिंग अडवणारी कडी) फिरवून मुरमावर गाडी थोडी खाली घ्या, वावरात परत वर. कॉलर म्हणजे स्प्रिंग कडक करायची चावी नव्हे, ती उंचीची चावी आहे. स्प्रिंग जेवढी कडक तेवढीच राहते.

तीन, मागच्या चाकांचा टो-इन, म्हणजे चाकांची पुढची बाजू किती आत वळलेली आहे तो कोन. टू व्हील ड्राइव्हला मागे दोन-तीन अंश आत लागतातच, नाहीतर थ्रॉटल दिला की शेपूट बाहेर. वाकलेल्या हिंज पिनमुळे हा कोन जातो आणि आपण चेसिसला शिव्या घालतो. पिन काढून काचेवर गडगडवा, वाकलेली असेल तर लगेच दिसेल.

नवखा_अमळनेर

मधेच विचारतो. अँटी-रोल बार लावला तर चाकं उचलणं थांबेल ना? आणि सराट्याचे काटे टायरात गेले तर पंक्चर?

शहाद्याची_स्वाती

नवखा, पंक्चरची चिंता नको. या टायरात दाबाची हवा नसतेच, आत फोम असतो. रिमला किंवा टायरला भोकं मुद्दाम ठेवलेली असतात. नदीपात्रात त्या भोकातून पाणी शिरतं ही खरी कटकट. फोम भिजला की चाक जड, आणि वाळेपर्यंत गाडी थरथरते.

अँटी-रोल बार डाव्या चाकाला उजव्याशी बांधतो. सपाट मैदानावर फायदा. ढेकळांत एक चाक उचललं की दुसऱ्यालाही ओढतो, मग प्रत्येक चाक आपापलं वरखाली होत नाही. तुमच्याकडे बोरीच्या काठाने चालवणार असाल तर नको.

नवखा_अमळनेर

धन्यवाद ताई! वाचनखूण साठवली. माझ्याकडे डब्ल्यूएलटॉईजची १४४००१ आहे, १/१४ वाली. तिची चेसिस धातूचीच आहे, मग मी काहीच करायला नको?

लेथवाला

तिला खालून संरक्षण द्या. धातूची पाटी दगडावर घासून खालचे स्क्रू झिजतात. डोकं गुळगुळीत झालं की ॲलन की फिरत नाही आणि स्क्रू ड्रिल करून काढावा लागतो. असे स्क्रू घेऊन पोरं येतात माझ्याकडे, मी चहाशिवाय काही घेत नाही.

केळीबाग_रावेर

संरक्षणासाठी जळगावकरांनी बाहेरून काही मागवावं म्हणजे कमाल आहे. पाइपांच्या गावात राहता राव! एचडीपीईच्या मोठ्या पाइपाचा तुकडा घ्या, उभा चिरा, तापवून मऊ करून दोन फळ्यांमधे दाबा. गार झाला की सपाट पाटी. चेसिसच्या मापाने कापून काउंटरसंक स्क्रूने खालून बसवा. धसकटावरून नुसती घसरत जाते. आमच्या बागेत ठिबकच्या नळ्या पसरलेल्या असतात, त्यावरूनही गाडी अडकत नाही. (नळी तुटली तर मात्र वडिलांना रावेरची केळी खाऊ घालून शांत करावं लागतं.)

फेविक्विक लावू नका, एचडीपीईला काही चिकटत नाही.

थ्रीडी_भुसावळ

मी टॉवर, बम्पर, बॅटरीचे पट्टे सगळं थ्रीडी प्रिंटरवर छापतो. कुणाला फाइल हवी असेल तर सांगा.

एक सूचना: पीएलए प्लास्टिकमध्ये काही छापू नका. ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. मे महिन्यात बंद मोटारीत गाडी ठेवली की टॉवर नमस्कार घालतो. पीईटीजी चालतं, बम्परसाठी टीपीयू उत्तम. आणि मोटारीत लायपो तर कधीच ठेवू नका. घरी ठेवतानाही सेलमागे ३.८ व्होल्टवर, पूर्ण भरून नाही.

भो_पाटील

‘टॉवर नमस्कार घालतो’ 😂 भुसावळच्या उन्हात माणसं घालतात, टॉवरचं काय घेऊन बसलात.

बरं, एवढी मंडळी आहेत तर एका रविवारी गिरणेत भेटू या का? भरीत माझ्याकडे. कळण्याच्या भाकरी कुणी आणणार?

केळीबाग_रावेर

भाकरी मी. भरिताची वांगी बामणोदची आणा, बाहेरची चालणार नाहीत.

अहिराणी_गडी

मी ठेचा लयस. गाडी नही चालनी तरी चाली.

मुरूम_किंग

भरितावर धागा गेला, आता परत येत नाही.

शहाद्याची_स्वाती

आणते परत. 🙂 पावसाळ्याचं कुणीच बोललं नाही. ओल्या काळ्या मातीत सस्पेन्शन कसंही लावा, माती आर्म आणि चेसिसच्या फटीत भरते आणि आर्म हलायचाच बंद होतो. चाकाला चिकटलेली माती म्हणजे स्प्रिंगच्या खालचं वजन, ते वाढलं की शॉकचं गणित कोलमडतं. पहिल्या पावसानंतर वावर विसरा, वाळूत चला. आणि माती ओली असताना धुऊ नका. वाळू द्या, ब्रशने झाडा, मग पुसा. पाण्याचा जोरदार फवारा माती बेअरिंगमध्येच ढकलतो.

गिरणाकाठ

मंडळी, दंडवत. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

केलेलं सांगतो. मागचे दोन्ही शॉक उघडले. एकात तेल निम्मंच होतं आणि जे होतं ते काळं. नव्या ओ-रिंगा, ४० वेट तेल, वर फुगे (एक गुलाबी, एक पिवळा, घरात तेच होते). शेपटीचं डुलणं गेलं. सऱ्यांवरून सरळ जाते. मागची एक हिंज पिन काचेवर गडगडवली तर डुगडुगली, ती बदलली.

मुरमावर शॉक एका भोकाने बाहेर घेतला आणि उंची ५ मिमी खाली. चाकं अजून उचलतात, पण पूर्ण वेगात वळलं तरच.

आता खरेदीची यादी अशी: नायलॉनचे आर्म पुढेमागे, सुटा जादा जोड एक. पुढचे नकल आणि कॅस्टर ब्लॉक ७०७५ चे. टॉवर पुढचा धातूचा, मागचा राहू देतो. बेअरिंगं रबर सीलची. पोटाखाली पाइपाची पाटी. एवढ्यात साडेसहा-सात हजार होतील. मोठ्या व्यासाचे शॉक घ्यावेत का, तेवढं सांगा.

डॅम्पर_धुळे

उन्हाळ्यात सलग दोन-तीन बॅटऱ्या चालवत असाल तर घ्या. त्यांच्यात तेल जास्त मावतं, म्हणून तापायला वेळ लागतो आणि शेवटच्या पाच मिनिटांत शॉक ढिला पडत नाही. एक बॅटरी संपली की घरी जात असाल तर आहेत ते ठेवा. घेतलेत तर स्प्रिंगा दोन कडकपणाच्या घ्या, मऊ वावराला, कडक मुरमाला. बदलायला दहा मिनिटं लागतात.

लेथवाला

मागचा टॉवर का राहू देताय?

शहाद्याची_स्वाती

दादा! 😄

मुरूम_किंग

उरलेल्या पाच हजारांत एलसीजी येते. मी माझ्या मतावर ठाम आहे. रविवारी माझी गाडी घेऊन येतो, गिरणेतून परतताना तुमच्या कॉलनीमागच्या मैदानावर दोन्ही एकाच वळणावर फिरवू. तुमची चाकं माझ्यापेक्षा कमी उचलली तर भरिताची वांगी माझ्याकडून.

गिरणाकाठ

मंजूर. पण टायर दोघांचे सारखे हवेत. माझ्याकडे बारीक काट्यांचा एक जास्तीचा जोड आहे, १२ मिमी हेक्स (चाक बसतं ती षटकोनी जोडणी). तुमचा हेक्स कोणता?

मुरूम_किंग

१२ च. आणा.